ब्यांग बँकेत गेलाय

मला वाटलं होतं, परदेशात बेडकांचाच अभ्यास करून आलेय, तर मी केलेलं घर भेकाला, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाला, आवडेलच. बालीगंजच्या आमच्या अंगणात, सावलीत मी मडकं आडवं ठेवलं. ते रिकामंच राहिलं.

मग एकदा शेजारच्या काकीमा बाबांच्या गमबुटाकडे बोट दाखवून ओरडल्या, “ब्यांग! ब्यांग!”

आई हिंदीत म्हणाली, “हां हां, बँक गये हैं. शाम को आयेंगे.”

बंगालीत ब्यांग म्हणजे बेडूक. बुटाच्या टोकाशी, ओलसर अंधारात भेक अंग चोरून बसला होता. मडक्याच्या रुंद तोंडातून वारा शिरायचा. बुटात ओल टिकत होती.

“याला मडक्यात हलवते,” मी म्हणाले.

“खबरदार!” आई म्हणाली. “बाबांच्या बदल्यांपायी मी किती घरं मोडली. याची तरी बदली करू नकोस.”

संध्याकाळी बाबा बूट शोधू लागले. आई म्हणाली, “तो क्वार्टर म्हणून दिलाय.”

“साहेब एकटेच आलेत?” बाबांनी विचारलं.

सकाळी मी ठरवलं, मडक्यात कोथिंबीर लावायची आणि दुसरा बूटही पहिल्या बुटाशेजारी आडवा ठेवायचा. आमच्याकडे कुटुंब नेहमी मागून येतं.