लपवता न येणारा शोक

थडग्यांचे दगड कोरणाऱ्याकडे मी बायकोचं नाव द्यायला गेलो होतो. बाकावर माझ्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. थोरलीचा नवरा नुकताच गेला होता. धाकटी बायबल शिकवणारी होती.

“रविवारी मी प्रार्थनेला यायची नाही,” थोरली म्हणाली. “मागच्या वेळी हुंदका फुटला, तर नणंदबाई म्हणाल्या, विश्वास कमी पडतोय.”

“जाऊबाई, शोक करणारे धन्य, असं प्रभूच म्हणतो ना?”

“तो आपल्या पापांबद्दलचा शोक, असंही त्याच म्हणाल्या.”

“तिथला मूळ ग्रीक शब्द आहे पेन्थेओ. आपलं माणूस गेल्यावर करतात, तो शोक. कितीही दाबला तरी चेहऱ्यावर दिसतोच, असा.”

“हे नणंदबाईंना सांगणार कोण?”

“रविवारी तुमच्या चेहऱ्याकडे बघतील की.”

“आणि प्रवचनाच्या मधेच माझा सूर लागला तर?”

“तर पाळक थांबतील. एरवी त्यांना कोण थांबवतंय?”

थोरली हसली आणि हसता हसता रडायला लागली. रुमाल मांडीवरच राहिला.

“रविवारी पुढच्या बाकावर बसू गं. मागून काही ऐकू येत नाही.”

तेवढ्यात कारागिराने मला विचारलं, “बाईंचं नाव काय लिहू?”

मी सांगायला गेलो आणि हुंदकाच फुटला. नाव लिहिलेला कागद खिशात होता, तोही सापडेना.

“सावकाश सांगा, दादा,” थोरली म्हणाली. “दगड कुठे पळून जातोय?”

मी रडत रडतच नाव सांगितलं.