नळाचा गळा आवळल्याबाबत

नाव : मा गप-सुन. वय : ६८ वर्षे. व्यवसाय : शेती व घरकाम. राहणार : यनदोंग वाडी, बंधाऱ्यावरचे शेवटचे घर, जिल्हा हेनाम, दक्षिण कोरिया.

मी वरील पत्त्यावर पती थाक बोंग-छुल यांच्यासह राहते. आज घडलेल्या प्रकाराबाबत विचारल्यावरून पतींसह चौकीत समक्ष येऊन सांगते की,

माझे पती पूर्वी बस चालवत. गेल्या वसंतात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, वाचाही गेली. पाय पुढे काठीवर सुधारला. वाचा येईल किंवा येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. झटक्याआधी पती फार बोलत, विशेषतः माझ्या चुकांबद्दल. नंतर घर शांत झाले. त्याबद्दल अधिक सांगायचे नाही.

आमच्या अंगणात नळ आहे. दरवर्षी थंडीआधी कोबीची तिखट, आंबवलेली किमची घालायच्या वेळी त्याला रबरी पाईप जोडून मिठात मुरवलेला कोबी धुतात. पाईप जोडायचे काम पती कोणाला करू देत नसत. "तू पाईप लावलास की अंगणात पूर येतो," असे म्हणत. ते म्हणणे खोटे नाही. नळाच्या तोंडाशी एक कड आहे. कडेच्या मागे नळ बारीक होतो, त्या जागेला आमच्या घरात गळा म्हणतात. पाईप कडेवरून पार मागे ढकलून स्क्रूची क्लिप गळ्यावर आवळायची असते. कडेवरच आवळली तर पाण्याचा जोर आला की पाईप निसटतो. हे मला आज कळले.

यंदा किमची घालायचा माझा विचार नव्हता. पण माझी नणंद थाक मल-रे परवा सासरहून आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, दादा जेवत नाही म्हणतेस आणि किमची पण नको म्हणतेस. मग तो काय वारा खाऊन जगणार?" म्हणून आम्ही कोबी मिठात घातला.

आज सकाळी पतींना उन्हात लाकडी बाजेवर गोधडी पांघरून बसवले. नळाजवळ मसाल्याचे उघडे घमेले होते. त्यातली मिरची पतींनी झटक्याआधी स्वतः लावलेल्या रोपांची होती. त्या रोपांची मिरची एवढीच उरली होती.

पाईप वन्संनी जोडला. मी विचारले, "घट्ट बसलाय ना?" त्या म्हणाल्या, "अगं, तीन पोरं वाढवली मी. पाईप नाही लावता येणार?" मी नळ सोडला. पाईप निसटला आणि पाण्याचा फवारा वन्संच्या तोंडावर बसला. "मेले गं, मेले!" असे त्या ओरडल्या. पाणी मसाल्याकडे जाऊ लागले म्हणून मी घमेल्यावर आडवी पडले.

तेवढ्यात मागून पुरुषाचा आवाज आला, "मागे! मागे घे!" मला वाटले, फाटकाशी कोणीतरी आले आहे. पुन्हा आवाज आला, "गळा आवळ! कडेवर नको, वेडे, गळा आवळ!" मी वळून पाहिले. गोधडी खाली पडली होती आणि पती काठी टेकून उभे होते.

"वेडे" हा शब्द जबाबात घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

वन्सं "दादा बोलला! वहिनी, दादा बोलला!" म्हणत पाण्यातच खाली बसल्या. मी पाईप मागे ढकलून क्लिप गळ्यावर आवळू लागले. पती म्हणत होते, "अजून. अजून आवळ. सोडू नको." पाणी नीट पाईपमधून येऊ लागले. त्यानंतर पती गप्प झाले.

वन्सं म्हणाल्या, "दादा, बोल ना रे." ते बोलले नाहीत. आम्ही थांबलो. ते नुसते पाण्याकडे पाहत होते. मला वाटले, संपले.

मी मसाल्याचे घमेले स्वयंपाकघरात नेऊन ठेवले, परत आले आणि स्क्रू ड्रायव्हरने क्लिप सैल केली. हे मी मुद्दाम केले. पाईप उडाला. पती ओरडले, "अगं ए! आत्ताच सांगितलं ना, गळा म्हणून!"

असे मी पुन्हा केले. नक्की किती वेळा ते आठवत नाही. एकदा वन्संनीही मला न विचारता केले. दर वेळी पती ओरडत होते आणि आम्ही दोघी हसत होतो, रडतही होतो. तो आवाज बाहेर गेला असणार. शेवटी पतींनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "मुद्दाम करतेस." हे ते ओरडून बोलले नाहीत.

आमच्या शेजारी कू इम-सुक बाई राहतात. आमच्या घरात बोलणारा पुरुष नाही हे त्यांना माहीत आहे. "गळा आवळ, सोडू नको" आणि "मेले" असे ऐकून त्यांनी चौकीला फोन केला. पोलिसांची वाट न पाहता त्या कुदळ घेऊन कुंपणावरून आत आल्या. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे.

"कुठाय तो?" त्या म्हणाल्या.

"कोण?"

"गळा दाबणारा!"

वन्संनी माझ्याकडे बोट दाखवले आणि मग नळाकडे. खरा प्रकार कळल्यावर कू बाईंनी कुदळ टाकली आणि पतींचा हात धरून म्हणाल्या, "भाऊजी, एकदा मलाही रागवा बघू." पती म्हणाले, "कुंपण मोडलं." ते खरोखर मोडले होते.

त्यानंतर हवालदार पांग धावत आले. पती त्यांना म्हणाले, "पाय काढ पाईपवरून." हवालदारांनी पाय काढला. तेव्हा क्लिप सैल होती, पाईप पुन्हा उडाला. त्यांचा गणवेश भिजला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. त्यांना उकडलेले डुकराचे मांस आणि ताजी किमची दिली. कामावर असल्याने ते नको म्हणाले, नंतर दोनदा वाढून घेतले. हे लिहू नये असे त्यांचे म्हणणे आहे, पण मला खरे सांगायला बसवले आहे.

नळाखेरीज कोणाचाही गळा आवळला गेलेला नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. कू बाईंनी फोन केला ते योग्यच केले, त्यांना काही बोलू नये. त्या सध्या आमच्या घरी वन्संबरोबर कोबीला मसाला लावत आहेत.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, सांगितला तसाच उतरवला आहे. यात काही दुरुस्ती आहे का, असे त्यांनी शेजारी बसलेल्या माझ्या पतींना विचारले. पती बराच वेळ शब्द शोधत होते. मग म्हणाले, "गप-सुन, चल घरी."

नाव बरोबर आहे. सही करून निघते.