चंदरचा मोठा फोटो

सुधा : आधी चपला तरी काढा. आणि हे काय, कॅमेरा माझ्या हातात कशाला देताय?

शांताराम : तुझ्या भावाला देऊन टाक. विपुल कधीपासून मागतोय. मला नको आता.

सुधा : सकाळी शीळ घालत सायकल काढलीत. दिवाळीपासून चाललं होतं, वाढवणला जाईन, चंदरचा फोटो मोठा करून त्याला देईन. आणि आता चेहरा बघा, पांढराफटक. भेटला नाही का तो?

शांताराम : होडीवर होता. परवापासून गेलेला. मला काय माहीत.

सुधा : मग फोटो?

शांताराम : त्याच्या बायकोला दिला, विठाबाईला. ती बोंबील वाळत घालत होती. म्हटलं, डहाणूहून तुमच्यासाठी खास आणलाय. तिनं हात पुसले आणि कागद सोडला.

सुधा : आणि?

शांताराम : सुधा, फोटोला हार होता.

सुधा : कसला हार?

शांताराम : चंदनाचा. धर्मेशभाईनं घातलेला. मी स्टुडिओत एवढंच सांगितलं होतं, फोटो मोठा करा, फ्रेम चांगली लावा, माणूस वाढवणचा आहे, कोळी आहे. त्याला तरी काय बोलू? गावातली माणसं फोटो मोठा करायला कधी येतात? घरातलं कुणी गेल्यावर. त्यानं आपणहून हार चढवला, वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, आणि मी तसाच घेऊन गेलो.

सुधा : उघडून नाही बघितलात?

शांताराम : दोरी इतकी छान बांधली होती. म्हटलं, त्यांच्या घरच्यांनीच सोडावी.

सुधा : नवरा समुद्रात, आणि हातात असा फोटो.

शांताराम : ती रडली नाही. रडली असती तर मला तिथंच कळलं असतं. मटकन वाळूत बसली आणि मला एवढंच विचारलं, ‘कुठं मिळाला?’

सुधा : अगं आई गं.

शांताराम : मला हार दिसतच नव्हता. फ्रेमचं तोंड तिच्याकडे, मी समोर उभा. वाटलं, फोटोचंच विचारतेय. मी म्हटलं, ‘आत, खोल समुद्रात. पाणी फार हलत होतं, तरी बघा, चेहरा किती स्पष्ट आलाय.’

सुधा : असं बोललात तुम्ही?

शांताराम : हसत बोललो.

सुधा : बसा आधी. हे पाणी घ्या. नंतर बोला, आधी पाणी घ्या.

शांताराम : तिनं कुंकू पुसलं, सुधा. माझ्यासमोर, पदरानं. तोवर शेजारची गंगी धावत आली. तिनं फ्रेम उचलली आणि टाहोच फोडला. ती फ्रेम तिच्या हातात फिरली, तेव्हा कुठे मला हार दिसला. मग मी ओरडत सुटलो, अहो तो जिवंत आहे, हा फोटो गेल्या महिन्यातला आहे. कोण ऐकतंय?

सुधा : मग पटवलंत कसं?

शांताराम : नाहीच पटलं. गंगी म्हणाली, जिवंत आहे तर दाखव. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं, मला तरी कुठे ठाऊक आहे? तो परवा गेलाय. मी कशाच्या जोरावर सांगतोय? तीन तास तिथे बसून होतो. चाळीस-पन्नास बाया भोवती. कुणी शिवी दिली नाही, अंगावर आलं नाही. नुसत्या बघत होत्या माझ्याकडे.

सुधा : आला ना पण तो?

शांताराम : आला. भरतीबरोबर होडी लागली. विठाबाई कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. त्याला काही कळेना, हिला काय झालंय. मी सायकल घेतली आणि पळालो. अक्षरशः पळालो.

सुधा : चूक झाली, मोठी झाली. पण त्यासाठी कॅमेरा कशाला टाकायचा?

शांताराम : आठ वर्षं स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसतोय. भोकातून मला नुसते हात दिसतात. कॅमेरा घेतला आणि पहिल्यांदा त्या हातांच्या वर काय असतं ते बघायला लागलो. अच्छाडच्या ढाब्यावर ट्रकखाली झोपलेले ड्रायव्हर. तलासरीच्या बाजारातली ती म्हातारी शुक्री, माझ्याकडे बघून जीभ काढणारी. सुट्टी आली की मला लहान पोरासारखा आनंद व्हायचा, तुला माहीत आहे. आज तोच आनंद घेऊन गेलो आणि एका बाईला विधवा करून आलो.

सुधा : तीन तासांपुरती.

शांताराम : तू तिचं कपाळ बघितलं नाहीस.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. दारात विठाबाई. कमरेवर मासळीची रिकामी टोपली, कपाळावर ठसठशीत कुंकू.)

विठाबाई : मास्तर घरात हाय का? घाबरू नको बाई, भांडाय नाय आले.

सुधा : या, आत या. कालपासून जेवले नाहीत हे.

विठाबाई : मी पन नाय जेवले. हार चुलीत घातला. सासू म्हनते, फोटो पन घाल. मी नाय दिला.

शांताराम : विठाबाई, मला माफ करा. चंदर काय म्हणाला?

विठाबाई : तो हसला. म्हनतो, मास्तरनं मारला, पन हार चांगला घातला. मग मी रडाय लागले तवा गप झाला. मास्तर, एक विचारू? ह्यो फोटो होडीवर काढला ना तू?

शांताराम : हो. त्यानंच नेलं होतं मला, चला म्हणाला, समुद्र दाखवतो.

विठाबाई : तिथं तो असा हसतो?

शांताराम : असा म्हणजे?

विठाबाई : असा. सगळं त्वांड उघडून. सतरा वरसं झाली लगनाला. घरी येतो, जेवतो, जाळं विनीत बसतो, त्वांड मिटून. आमी बाया होडीवर जात नाय. तो आत गेल्यावर कसा असतो, मी कंदी बघितलंच नाय. काल वाळूत बसले तवा मला वाटलं, मेला, आन वर हसतोय. मला त्याचा लय राग आला. आता सकाळधरनं बघते फोटोकडं, तर ह्यो मानूस मला नवाच हाय.

सुधा : काय बघून हसत होते ते?

शांताराम : मला नाही सांगता यायचं. माझा डोळा कॅमेऱ्याला. तो माझ्या पाठीमागे कुठेतरी बघत होता.

विठाबाई : मी विचारलं त्याला. म्हनतो, काय नाय, पानी.

शांताराम : मी कॅमेरा देऊन टाकतोय, विठाबाई. आता नाही काढायचा कुणाचा फोटो.

विठाबाई : दे मग, तुझा हाय. पन आदी एकदा परत जा त्याच्यासंगं. त्याचा नको काढू. त्याच्याकडं पाठ कर, आन तो बघतो ना, तिकडचा काढ.