टर्मिनलची फ्लॉपी

विषय: पुण्याच्या मेनफ्रेमला (मोठ्या मुख्य संगणकाला) आपला संगणक टर्मिनल म्हणून जोडणाऱ्या प्रोग्रामची फ्लॉपी बारामती कार्यालयास मिळणेबाबत.
संदर्भ: इंदापूरच्या मारुतरावांना ती आधी मिळाली.

मारुतराव माझ्यापेक्षा कनिष्ठ लिपिक. पण त्यांच्या काळ्या पडद्यावर पुण्याच्या नोंदी हिरव्या अक्षरांत उमटायच्या. आमचा संगणक त्यांच्याहून नवा, त्याला झालरीचं कव्हरसुद्धा, आणि त्यावर आम्ही नुसती पत्रं टाइप करायचो. मला जेवण गोड लागेना. शेवटी एसटीनं इंदापूर गाठलं.

"मारुतराव, फ्लॉपीची एक कॉपी द्या की."

"तात्या, मी तुमच्याकडं कार्बन पेपर मागितला, तवा तुमी काय म्हणाला व्हता?"

"अर्ज करा म्हणालो होतो."

"मग करा की!"

पुण्याला रीतसर अर्ज केला. तीन महिने उत्तर नाही. अर्जाचं काय झालं ते मेनफ्रेमवरच दिसायचं, म्हणजे इंदापूरलाच फोन लावणं आलं.

"दिसतोय की तात्या! काय झकास हिरवा दिसतोय!"

"हिरवा राहू द्या. पुढं काय लिहिलंय?"

"प्रलंबित हाय."

पुढं दर सोमवारी ते स्वतःहून फोन करून एवढंच वाचून दाखवायचे. मी निवृत्त झालो त्या दिवशीही त्यांचा फोन आला. अर्ज प्रलंबित होता.