काळ्या कापडामागे

छपाईवाला : डाग नाहीये तो, ताई. डाग असता तर मी आपणहून काढून टाकला असता. तुम्हाला हातातलं काम सोडून धावत बोलावलं नसतं.

लेक : मग फोनवर सांगायचं ना, दादा. जीव टांगणीला लागला माझा.

छपाईवाला : फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आधी हा जुना फोटो बघा. नमुना म्हणून तुम्ही दिलेला, बाबांनी स्वतः डार्करूममध्ये काढलेला. खुर्चीत तुम्ही, मागे काळं कापड. कापड कसलं, नुसतं डांबर. बरोबर?

लेक : हो. लहानपणापासून हाच बघत आलेय. दहा महिन्यांची होते मी.

छपाईवाला : आणि हा आज सकाळचा, त्याच निगेटिव्हवरून. माझ्या मशीनमध्ये एक काळी शाई आणि सहा राखाडी, एकीपेक्षा एक फिकी. त्यामुळे अंधारातला अंधारही वेगवेगळा उमटतो. इकडे खिडकीपाशी या. तुमच्या काखेखाली बघा.

लेक : कापडाची चुणी आहे.

छपाईवाला : चुणीला नखं नसतात, ताई.

लेक : अगं बाई... हात आहे.

छपाईवाला : दोन आहेत. दुसरा पाठीशी. मला वाटलं, मशीननं घोळ घातला. सगळं साफसूफ करून पुन्हा छापला, तरी तेच. शेवटी निगेटिव्ह भिंगाखाली धरली. तिच्यातच आहेत. पूर्वी म्हणे मूल हलू नये म्हणून आईला कापडामागे बसवायचे. तुमच्या आईच असतील की.

लेक : मी आठ दिवसांची असताना आई गेली.

छपाईवाला : ...मग आत्या, मावशी कोणी?

लेक : घरात तिसरं माणूसच नव्हतं. थांबा, बाबांनाच लावते. स्पीकरवर ठेवते हं, एकटीनं ऐकायचा धीर नाही मला.

(फोनची रिंग बराच वेळ वाजते.)

वडील : बोल गं. जेवलीस का?

लेक : बाबा, त्या खुर्चीतल्या फोटोत मला कोणी धरलं होतं?

वडील : तो कशाला काढलास आता?

लेक : तुमच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मोठा छापून घेत होते. सांगा ना. कोणी धरलं होतं?

वडील : कोणी नाही. तू सारखी कलंडत होतीस. चार वेळा कॅमेरा सोडून धावलो. पाचव्यांदा कलंडलीस आणि अर्ध्यातच थांबलीस. सरळ झालीस. मागे वळून हसलीस, मग माझ्याकडे बघितलंस. तेव्हा बटण दाबलं.

लेक : आणि मग?

वडील : मग कापड ओढून बघितलं. मागे भिंत. हात दिसले ते फिल्म धुतल्यावर.

छपाईवाला : काका, नमस्कार. मी छपाईवाला. म्हणजे छापताना कागदाच्या तेवढ्याच भागावर जास्त उजेड पाडून तुम्ही तो मुद्दाम काळा केलात? फोटोच्या कागदाला उजेड जास्त, तेवढा तो काळा.

वडील : दर वेळी. तुम्हाला कळेल, किती बेताबेतानं करावं लागतं ते. पोरीच्या अंगावर सावली पडता कामा नये.

लेक : पण का, बाबा? मला सांगायचं तरी.

वडील : तू घाबरली असतीस. आणि चार लोकांनी बघितलं असतं, तर नाही नाही ते करून तिला घरातून घालवायला लावलं असतं. तू तेव्हा नीट उभीही राहत नव्हतीस गं.

लेक : इतकी वर्षं एकट्यानं मनात ठेवलंत.

वडील : एकटा कुठे होतो?

लेक : बाबा...

वडील : रडू नकोस. त्यांना एक विचार. चेहरा आलाय का? माझ्या कागदावर कधी आला नाही.

छपाईवाला : नाही, काका. वर नुसतं कापडच दिसतंय. पण फिक्या शाया थोड्या वाढवून बघता येईल. अजून एक कागद लावतो. कोण जाणे, येईलही.

लेक : बाबा? ऐकताय ना? लावायचा का?

वडील : नको. तिला फार उजेडात आणू नका.