बिनजोडीचा डबा

सम्राट : ते गाणं गाळूया, संघर्ष. मध्यंतर संपलं की थेट बाजाराचा प्रवेश घ्यायचा.

संघर्ष : दोन चांदी-कारागीर पोरगे एकमेकांच्या प्रेमात आहेत, हे नाटकात त्याच गाण्यात कळतं. ते गाळलं तर उरतं काय? चांदीचा भाव?

सम्राट : चौथ्या रांगंत माझी आई बसलीया. हुपरीच्या अकरा बायका घेऊन एसटीनं आलीया.

संघर्ष : बोलावलं कुणी?

सम्राट : कुणी न्हाय. जाहिरातीत माझं नाव वाचलं म्हणं.

संघर्ष : मग पूर्ण वाचलं असेल. शब्द माझे, चाल तुझी. पहिल्या अंकात दोन वन्समोअर आले, तेव्हा कॉलर ताठ होती तुझी.

सम्राट : तुझं घरात आपल्याबद्दल सांगून झालंय रे.

संघर्ष : झालंय. बाबा दोन महिने बोलले नाहीत. आता वडगावहून रोज फोन करून विचारतात, दोघं जेवलात का.

सम्राट : माझी आई दोन मिंटात हॉल डोक्यावर घेईल.

संघर्ष : घंटा झाली. तू पेटी वाजवू नकोस. पोरं नुसत्या पैंजणांवर गातील.

सम्राट : नुसत्या पैंजणांवर? वाट लावशील चालीची. सरक तिकडं!

(प्रयोग संपल्यावर, रंगपटात.)

संघर्ष : तीन वन्समोअर! तिसऱ्यांदा तर पब्लिकच गात होतं. ऐकलंस ना?

सम्राट : आई काय करत होती?

संघर्ष : विचार तिलाच. दारात उभी आहे.

शालूबाई : सम्राट, नाटकातली ती पैंजणं आण हिकडं.

सम्राट : आई, मी तुला सांगणारच होतो...

शालूबाई : आण म्हणते न्हवं! हां. माझ्या बिनजोडीच्या डब्यातनं उचललीस. ज्याचा जोड लागत न्हाय ते मी त्यात टाकते, ठावं न्हाय तुला?

संघर्ष : काकू, लांबून कुणाला काय कळतंय?

शालूबाई : तू व्हय संघर्ष? गाणं झ्याक लिवलंयस. पर एक पैंजण भरीव वाजतंय, एक पोकळ. अकराच्या अकरा जणींनी माझ्याकडं बघितलं. लाज गेली की माझी!

सम्राट : लाज... पैंजणांपायी गेली?

शालूबाई : मग कशापायी? तीस वर्सं पैंजणांना घुंगरं लावतीया मी. जोड म्हंजे दोन्ही सारखी. कानाशी वाजवून बघायची, मगच बांधायची.

संघर्ष : आणि काकू... गाण्यात ती दोन पोरं आहेत, त्यांचं?

शालूबाई : तेच सांगतीया न्हवं? हा घे जोड. उद्याच्या खेळाला हा वाजवा. अजून एक एसटी भरून आणतीया.

सम्राट : हा तू घरनंच घेऊन आलीस?

शालूबाई : डब्यातली दोन कमी झाली तवाच कळलं.

सम्राट : एवढंच कळलं?

शालूबाई : सहा म्हैनं आपल्या पैंजणांच्या कारखान्यात हेच गाणं गुणगुणतोस. ह्याचा फोन आला की हातातलं टाकून अंगणात पळतोस. जोड लावायचंच काम करते रं मी.