निगेटिव्ह टेस्ट आणि पपई

घरी केलेली प्रेग्नन्सी टेस्ट किती खरी असते, ते मला विचारा!

पाळी जरा लांबली आणि मी लगेच किट आणलं. एकच रेघ. निगेटिव्ह. मी बाथरूममध्येच रडले. अमित म्हणाला, "अगं, घाई केलीस. आठवड्याने परत बघू. तोवर आईला नको सांगूस, उगाच आस लावून बसेल."

त्याच दुपारी सासूबाईंनी पपई कापली. मी फोड उचलणार, तेवढ्यात अमितने माझी बशी ओढली. "मला दे, मला आवडते."

मी कुजबुजले, "निगेटिव्ह आहे ना? मग खाऊ दे की."

"किटला काय कळतंय? बाळ असलं तर? पपई नको."

पपई संपेपर्यंत माझ्या वाटणीची तोच गिळत होता.

पुढच्या आठवड्यात दोन रेघा आल्या. आम्ही खारघरचं अख्खं घर डोक्यावर घेत सासूबाईंकडे धावलो. त्या साताऱ्याच्या. शांतपणे म्हणाल्या, "मला कवाच कळलंय. लहानपनी पपई बघितली की ह्यो पलंगाखाली लपायचा. त्यानं तुझी बशी वढली, तवाच मी जुनं लुगडं फाडून दुपटी शिवाय घेतली."